टेटच्या गुणांपासून शाळेच्या दारापर्यंत: नव्या शिक्षकाची नेमणूक नेमकी कशी होते

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत टेटचा, म्हणजे शिक्षक भरतीच्या अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचा, निकाल लागला की पहिला प्रश्न ठरलेला: किती पडले? दुसरा लगेच येतो, पुणे जिल्हा परिषदेला लागेल का? लागली तर शाळा कुठली मिळेल आणि ती कोण ठरवणार, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. नोकरी लागल्यावर पुढची तीन, पाच, कधी दहा वर्षं रोज सकाळी कुठली एसटी पकडायची हे त्याच उत्तरावर अवलंबून असतं.

गुण तुम्हाला फार तर जिल्ह्याच्या वेशीपर्यंत नेतात. तिथून पुढे पटसंख्येचा हिशेब, ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरचा प्राधान्यक्रम आणि समुपदेशनाचा, म्हणजे शाळा निवडण्याचा दिवस या तीन गोष्टींचं राज्य सुरू होतं. पहिली तुमच्या हातात नाही, उरलेल्या दोन आहेत. उमेदवार मात्र सगळा जोर गुणांवर लावतात आणि प्राधान्यक्रम शेवटच्या रात्री, नेट कॅफेत, मित्राची यादी समोर ठेवून भरतात. हा लेख पुणे आणि आसपासच्या उमेदवारांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. प्रक्रिया राज्यभर तीच आहे, बदलतात ती गावं.

जागा आधी कागदावर जन्माला येते

शाळेत शिक्षक कमी आहे म्हणून जागा निघते, असा समज असतो. जागा निघते ती संचमान्यतेतून. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो, विद्यार्थ्यांच्या आधारची पडताळणी होते आणि त्या आकड्यांवरून प्रत्येक शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरतं. मूळ चौकट शिक्षण हक्क कायदा २००९ ची. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. पट १५० च्या वर गेला तर शिवाय मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना किमान एकेक शिक्षक आणि ३५ मुलांमागे एक हे प्रमाण. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात संचमान्यतेचे निकष बदलले. लहान पटाच्या शाळांचं काय होणार यावरून शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. म्हणून आज एखाद्या शाळेचा हिशेब मांडताना जुन्या नोट्सवर विसंबू नका, चालू वर्षाची संचमान्यता बघा.

मंजूर पदांतून कार्यरत शिक्षक वजा केले की रिक्त पदं उरतात. पण तीही लगेच नव्यांच्या वाट्याला येत नाहीत. आधी अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचं समायोजन होतं, म्हणजे पट घसरल्यामुळे ज्यांचं पद गेलं त्यांना दुसऱ्या शाळेत बसवतात. जिल्हा परिषदेत त्याच सुमारास बदल्याही होतात. जुने शिक्षक आपापल्या सोयीच्या जागा घेतात आणि उरलेलं ताट नव्यांसमोर येतं. पुणे जिल्ह्यात नव्या शिक्षकाला हायवेलगतची शाळा क्वचित का दिसते, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

नंतर येते बिंदुनामावली. कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं हे तिच्यावरून ठरतं आणि ती विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. हे झाल्याशिवाय पवित्र पोर्टलवर जाहिरात टाकता येत नाही. शेजारच्या जिल्ह्याची जाहिरात आली आणि आपल्या जिल्ह्याची नाही, असं झालं की कारण बहुधा इथे अडकलेलं असतं. त्यात महिला ३० टक्के, माजी सैनिक १५, अंशकालीन १०, प्रकल्पग्रस्त ५, खेळाडू ५, भूकंपग्रस्त २ असं समांतर आरक्षण असतं, दिव्यांगांना ४ टक्के आणि अनाथांना १ टक्का वेगळे. यातल्या बऱ्याच जागांना उमेदवार मिळत नाहीत आणि त्या नंतर रूपांतरित फेरीत इतरांसाठी खुल्या होतात. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून पोर्टलकडे पाठ फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपण कुठल्या इयत्तेचे, कुठल्या विषयाचे?

पहिली ते पाचवीसाठी डीएड किंवा डीएलएड आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक. बीएडवाल्यांसाठी हे दार सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बंद झालं. सहावी ते आठवीसाठी पदवी, डीएलएड किंवा बीएड आणि टीईटीचा पेपर दोन. तुमचा विषय गट पदवीवरून ठरतो. नववी-दहावीला पदवी आणि बीएड, अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बीएड. केंद्राची सीटीईटी चालते. टीईटीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर वैध आहे, सात वर्षांची जुनी मुदत गेली. टीईटी ही पात्रता झाली आणि टेट ही स्पर्धा. टेटला २०० गुण आणि १२० मिनिटं. त्यात अभियोग्यतेचे १२० आणि बुद्धिमत्तेचे ८० गुण. २०१७, २०२३ आणि २०२५ अशी ती आतापर्यंत झाली. मधली अंतरं बघा, म्हणजे एका टेटच्या गुणांवर किती काळ ताटकळायला लागू शकतं ते कळेल.

विषयाबद्दल एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. सहावी ते आठवीला ‘भाषा’ म्हणून लागलात तर मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही तुमच्या गळ्यात येऊ शकतात, मग पदवी तुम्ही इंग्रजी साहित्यात का घेतलेली असेना. विज्ञान-गणितवाल्याला दोन्ही विषय घ्यावे लागतात. पहिली ते पाचवीच्या दोन शिक्षकी शाळेत तर विषय हा प्रश्नच उरत नाही. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी-पाचवी, सगळे विषय, शिवाय शालेय पोषण आहाराच्या नोंदी. बहुवर्ग अध्यापन डीएलएडला एका प्रकरणात उरकतात, इथे तोच रोजचा दिवस असतो.

स्वप्रमाणपत्र: सगळं गणित इथून निघतं

पोर्टलवर आधी स्वप्रमाणपत्र भरायचं असतं: शिक्षण, विषय, माध्यम, प्रवर्ग, समांतर आरक्षण, टीईटी. पुढे कुठल्या जागा तुमच्या पडद्यावर दिसणार हे यावरूनच ठरतं. पदवीचा मुख्य विषय चुकीच्या खान्यात गेला तर त्या विषयाच्या जागा तुम्हाला दिसणारच नाहीत आणि तुम्हाला वाटेल जागाच निघाल्या नाहीत. उलट नसलेला दावा केला, उदाहरणार्थ मुदत संपलेल्या नॉन क्रीमीलेयरवर आरक्षण मागितलं, तर नाव यादीत येतं आणि पडताळणीच्या टेबलावर कापलं जातं. हे दुसरं जास्त वाईट, कारण तोवर तुमच्या गुणांना मिळू शकणारी दुसरी जागा हातून गेलेली असते.

म्हणून भरताना मूळ कागद समोर ठेवा. आठवणीवर भरू नका. गुणपत्रिकेवर विषयाचं नाव जसं छापलंय तसंच घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा. पुण्यात सेतू केंद्रावर निकालाच्या आठवड्यात रांग कशी असते हे वेगळं सांगायला नको.

प्राधान्यक्रम: इथे घाई करू नका

आता मुख्य भाग. जाहिराती आल्या की तुमच्या पात्रतेनुसार जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका आणि खासगी संस्थांची यादी पोर्टलवर तयार होते. ती तुम्ही हव्या त्या क्रमाने लावायची आणि मुदतीत लॉक करायची. लॉक केली नाही तर भरलेलं सगळं वाया. मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह असे दोन प्रकार असतात, ते वेगवेगळे हाताळावे लागतात.

यंत्र काय करतं ते नीट समजून घ्या, म्हणजे निम्म्या अफवा आपोआप गळून पडतील. ते गुणानुक्रमे वरून खाली येतं. तुमचा नंबर आला की तुमची यादी पहिल्यापासून वाचतं आणि तुमच्या प्रवर्गात, विषयात, माध्यमात जी पहिली शिल्लक जागा सापडेल ती देतं. खालचे पर्याय तिथेच संपतात. समजा १२८ गुणांच्या एका उमेदवाराने पुणे जिल्हा परिषद पहिली, पिंपरी-चिंचवड महापालिका दुसरी, सातारा तिसरी आणि रायगड चौथी लावली. त्याचा नंबर येईपर्यंत पुणे, पिंपरी-चिंचवड भरलं तर त्याला सातारा मिळेल. पुणे पहिलं लावलं म्हणून सातारा मिळण्याच्या त्याच्या शक्यतेत काडीचाही फरक पडत नाही. ‘पुणे वर टाकलंस तर फुकट जाईल, सेफ जिल्हा वर टाक’ हा क्लासमध्ये मिळणारा सल्ला साफ चुकीचा आहे. सेफ जिल्हा वर टाकलात तर तोच मिळेल, पुण्याचा कटऑफ तुमच्या खाली लागला तरी.

म्हणून पहिला नियम: मनातला खरा क्रम लावा. दुसरा नियम त्याहून कडू आहे: जिथे जाणारच नाही ते यादीत टाकू नका. शिफारस झाली, गेला नाहीत, तर त्याच फेरीत दुसरी जागा मागता येत नाही. ‘लागू तर दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा.

पूर्वी लोक कोकणात किंवा विदर्भात रुजू व्हायचे आणि काही वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने घराकडे यायचे. जिल्हा परिषदेच्या नोकरीचं सगळं गणितच त्यावर उभं होतं. २१ जून २०२३ च्या शासन निर्णयाने नव्याने नेमल्या जाणाऱ्या शिक्षकांसाठी हा रस्ता बंद केला: जिल्हा बदलून हवा तर पुन्हा परीक्षा देऊन या. बदल्यांचे नियम सरकार वरचेवर बदलतं, संघटनाही गप्प बसत नाहीत, तेव्हा लॉक करण्याआधी ताजा निर्णय वाचाच. पण आज यादी लावताना गृहीत हेच धरा की जो जिल्हा मिळेल तो कायमचा. पालघर किंवा रत्नागिरी चौदाव्या क्रमांकावर टाकताना ‘तिथे मुलं वाढवायची आहेत का’ हा प्रश्न घरच्यांसमोर विचारा. हो असेल तर बिनधास्त टाका, कोकणात शिकवणं ही काही शिक्षा नव्हे. नाही असेल तर यादी तेराव्या क्रमांकाला संपवा.

पुणेकरांसाठी आणखी एक बारकावा. पुण्यात पुणे जिल्हा परिषद, पुणे महापालिका आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हे तीन वेगळे मालक आहेत. महापालिकेत लागलात की बदली शहराच्या हद्दीतच, कात्रजहून धानोरीला टाकलं तरी पीएमपीची बस आहे. जिल्हा परिषदेत लागलात तर तेरा पंचायत समित्यांपैकी कुठेही, जुन्नरपासून इंदापूरपर्यंत. ‘जिल्हा परिषद घेऊ, हवेली मिळेल, घरून अपडाउन करू’ हा हिशेब जुना झाला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली आणि हवेलीतली शहराला चिकटलेली गावं त्यात गेली. ज्यांना खरोखर पुण्यातच राहायचंय त्यांनी महापालिका वर लावाव्यात. जागा कमी निघतात, पण वर बघितलंच की वर लावण्यात तोटा काही नाही.

मुलाखतीसह: संस्थेच्या शाळा

खासगी अनुदानित संस्थांच्या जागांसाठी पोर्टल एका जागेमागे एकापेक्षा जास्त नावं पाठवतं आणि मुलाखत व अध्यापन कौशल्य पाहून निवड संस्था करते. शहरात राहायचं असेल तर हा प्रकार महत्त्वाचा, कारण पुण्यातल्या पेठांतल्या जुन्या माध्यमिक शाळा याच प्रकारात येतात. अल्पसंख्याक संस्थांची भरती वेगळी चालते आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा पोर्टलवर नसतातच.

इथे तीन गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पद किती टक्के अनुदानावर आहे? शंभर टक्के आणि वीस टक्के यांत पगाराचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. पद कुठल्या विषयाचं आहे आणि नियुक्तिपत्रावर तोच विषय लिहिणार ना? शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता त्या विषयाला मिळते, ‘आत्ता रुजू व्हा, विषयाचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या संस्थेचं नंतर कधी येत नाही. तिसरं, आधीच्या वर्षी लागलेल्यांना शालार्थ आयडी, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक, मिळाला का? नियुक्ती, मग मान्यता, मग शालार्थ आयडी, मग पगार अशी साखळी आहे. पुणे विभागात, म्हणजे पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत, माध्यमिकच्या फाइली विभागीय उपसंचालकांकडे जातात आणि त्या आपल्या गतीने सरकतात. एखाद्या संस्थेने ‘विकास निधी’ची भाषा सुरू केली तर लेखी मागा. लेखी कोणी देत नाही, विषय तिथेच मिटतो.

मुलाखतीच्या पाठासाठी मोठा घटक निवडू नका. वीस मिनिटांत संपणारा, फळ्यावर दिसणारा, मुलांना बोलतं करणारा घटक घ्या. समोर बसलेले मुख्याध्यापक तुमचं ज्ञान बघत नाहीत, ते वर्ग ताब्यात राहील का हे बघतात.

कागदपत्र पडताळणी

शिफारस झाली की जिल्हा परिषद पडताळणीसाठी बोलावते. मूळ कागद आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच न्या: दहावी, बारावी, पदवी, डीएलएड किंवा बीएड, टीईटी, टेटचं गुणपत्रक, अधिवास, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन क्रीमीलेयर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, दिव्यांग असल्यास युनिक आयडी. टीईटीची पडताळणी आता कडक असते. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचं पुणे पोलिसांच्या तपासात बाहेर आलं आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्यानंतर परीक्षा परिषदेकडून खातरजमा केल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. पात्र माणसालाही थांबायला लागतं, त्याला इलाज नाही.

वैद्यकीय दाखला आणि पोलिस चारित्र्य पडताळणी लागते. वैद्यकीयसाठी पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात सकाळी लवकर पोचा.

समुपदेशन: गाव ठरतं तो दिवस

जिल्हा मिळाला, आता शाळा. सभागृहात रिक्त शाळांची यादी लावतात, सहसा दिव्यांग आणि इतर विशेष प्रवर्गांना आधी बोलावतात, मग गुणवत्तेनुसार. क्रम आणि नियम सूचनापत्रात दिलेले असतात, ते आदल्या दिवशी वाचा. तुमचं नाव पुकारलं की पडद्यावर ज्या शाळा शिल्लक असतील त्यातली एक सांगायची आणि सही करायची. विचार करायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. मागे रांग असते, माइकवर पुढचं नाव तयार असतं. त्या घटकेला माणूस नाव ओळखीचं वाटणारी शाळा उचलतो. मावळ म्हटलं की लोणावळा डोळ्यांसमोर येतं आणि हातात पडते अंदर मावळातली वस्तीशाळा.

म्हणून तयारी आधीच्या आठवड्यात करायची. रिक्त शाळांची यादी बहुधा आधी प्रसिद्ध होते. प्रत्येक शाळेला यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीतला अकरा अंकी क्रमांक असतो. पुणे जिल्ह्याचा २७२५ ने सुरू होतो आणि पुढचे दोन अंक तालुक्याचे. तो यूडायसच्या संकेतस्थळावर टाकला की पट, शिक्षक संख्या, वर्ग, खोल्या, स्वच्छतागृह, वीज सगळं दिसतं. सगळ्यात आधी पट बघा. समजा पहिली ते पाचवीचा पट ६२ आणि शिक्षक तीन. दोन घरं ऊसतोडीला किंवा कंपनीत कामाला गाव सोडून गेली की पट ६० आणि तिसरं पद धोक्यात. शेवटी आलेला म्हणून अतिरिक्त ठरण्याची पाळी बहुधा तुमच्यावर. त्यापेक्षा पट ४५ आणि मंजूर दोन असलेली शाळा स्थिर. शून्याकडे घसरणाऱ्या पटाची शाळा मात्र टाळा, ती बंद किंवा समायोजित होण्याची टांगती तलवार कायम.

दुसरं बघायचं अवघड क्षेत्र. जिल्हा परिषद ठरावीक निकषांवर शाळा अवघड क्षेत्रात घोषित करते: जास्त पाऊस, डोंगरी भाग, पेसा गाव (अनुसूचित आदिवासी क्षेत्रातलं), वाहतुकीला रस्ता नसणं, मोबाइल न लागणं, वन्यप्राण्यांचा उपद्रव, महामार्गापासूनचं अंतर. पुणे जिल्ह्यात हा पट्टा सह्याद्रीच्या अंगाने उभा पसरलाय: जुन्नर-आंबेगावचा आदिवासी पश्चिम भाग, मावळ, मुळशी, राजगड म्हणजे पूर्वीचं वेल्हे, आणि भोरचं हिर्डोशी खोरं. नवखे उमेदवार ‘अवघड’ शब्दाला घाबरून पूर्वेकडे धावतात. पण इंदापूर तालुक्यातली सोप्या क्षेत्रातली शाळा पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे असू शकते आणि पानशेतच्या बाजूची अवघड शाळा त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. शिवाय अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षं झाली की बदलीचा अधिकार मिळतो, सोप्या क्षेत्रात तसा अधिकार नाही. माझं स्पष्ट मत: तरुण असाल, घरची अडचण नसेल तर तीन वर्षं अवघड क्षेत्रात काढा. पावसाळ्यात हाल होतात, ओढा चढला की शाळेत पोचता येत नाही, हे खरं. पण तीन वर्षांनी बदलीच्या रांगेत तुम्ही पुढे असता.

जमलं तर समुपदेशनाच्या आधी जाऊन या. स्वारगेटवरून भोर-वेल्ह्याच्या गाड्या सुटतात, वाकडेवाडीवरून नारायणगाव-जुन्नरच्या. कंडक्टरला विचारा: शेवटची गाडी परत किती वाजता, पावसाळ्यात येते का, मुक्कामी आहे का. ही माहिती गूगल मॅपवर नसते. गावात सरपंचाकडे जाण्याआधी किराणा दुकानात जा, आधीचे मास्तर कुठे राहायचे, का गेले हे तिथे फुकटात कळतं. राहण्याची चौकशी तिथेच करा. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर आहे, घरभाड्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला जातो आणि गावाशी बिनसलं की हाच मुद्दा पहिला निघतो.

मग शिल्लक दिसू शकतील अशा दहा-पंधरा शाळा क्रमाने एका कागदावर लिहा आणि तो खिशात ठेवा. आत मोबाइल चाळत बसायला वेळ नसतो. नाव पुकारेपर्यंत समोर जी शाळा जाईल ती कागदावर खोडत राहा. एक गोष्ट तिथे हमखास खटकते: गावात शिक्षक नाही हे तुम्हाला ठाऊक असतं, पण शाळा यादीत नसते. समानीकरणासाठी काही रिक्त जागा मुद्दाम रोखून ठेवतात, म्हणजे सगळ्या तालुक्यांत रिक्त पदांचं प्रमाण सारखं राहावं. ‘ती जागा का दाखवत नाही’ म्हणून टेबलावर वाद घालण्यात अर्थ नसतो. यादीत जागा चुकून राहिली असेल तर आक्षेप आदल्या दिवसापर्यंत, लेखी, पोच घेऊन नोंदवा.

पती-पत्नी दोघं नोकरीत असाल तर नोकरीचे दाखले बरोबर ठेवा. समुपदेशनात त्याचा उपयोग होईलच असं नाही, पण पुढे बदलीत दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर विशेष संवर्ग भाग दोनचा लाभ मागता येतो. त्या दृष्टीने अंतर आजच मोजून ठेवलेलं बरं.

रुजू होताना

नियुक्ती आदेशावर मुदत असते, ती पाळा. आधी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे हजर व्हायचं, मग केंद्रप्रमुखांना भेटून शाळेवर. मुख्याध्यापक रुजू अहवाल देतात, त्यावर तारीख आणि सकाळ की दुपार हे लिहून घ्या, कारण सेवाज्येष्ठता तिथून मोजतात. एकाच दिवशी लागलेल्या दोघांत पुढे यावरून वाद होतात.

पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवक असता. मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झालं. त्याआधी ते ६, ८ आणि ९ हजार होतं. शालार्थमध्ये नाव चढेपर्यंत पहिलं मानधन लांबतं, तेव्हा सुरुवातीच्या काही महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि प्रवासाची सोय आधी करून जा. जात वैधता बाकी असेल तर आदेशात दिलेली मुदत भिंतीवर लिहून ठेवा.

रुजू झाल्यावर आठवड्याभरातच निवडणुकीचं, सर्वेक्षणाचं काम अंगावर येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम लावता येत नाही. नवा शिक्षक पहिल्याच महिन्यात कलम दाखवत फिरला तर काय होतं ते केंद्रातले जुने शिक्षक सांगतील. निदान लेखी आदेश मात्र मागून घ्या.

बदलीची नोंद पहिल्या दिवसापासून

जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन होतात. संवर्ग एक गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, वय ५३ पूर्ण अशांचा, दोन पती-पत्नींचा, तीन अवघड क्षेत्रातल्या बदली अधिकारप्राप्त शिक्षकांचा आणि चार बदलीपात्रांचा, म्हणजे सोप्या क्षेत्रात दहा वर्षं आणि त्याच शाळेत पाच वर्षं झालेल्यांचा. अवघड क्षेत्राच्या याद्या मधूनमधून नव्याने होतात. तुमची शाळा अवघड म्हणून घोषित असलेल्या वर्षांची यादी, तिचा आदेश क्रमांक आणि रुजू अहवाल यांच्या प्रती घरी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. रस्ता झाला आणि शाळा सोप्यात गेली तर आधीची वर्षं मोजायला हाच कागद लागतो, आणि पंचायत समितीत तो सापडेलच याची खात्री तिथला लिपिकही देत नाही.